टोचणीचा तिसरा दिवस

देवळाच्या सभामंडपात मी सतरंजी अंथरायला गेले आणि दारातच थिजले. आबांच्या कीर्तनाच्या चौथऱ्यावर एक परका तरुण स्टोव्ह पेटवून बसला होता! वर पातेलं, पातेल्यात काहीतरी रटरटतंय…

"अहो! देवाच्या दारात अंडी उकडताय?"

तो दचकून उभा राहिला. हातातल्या चिमट्यात सुई लकाकली.

"काय बोलायलात बाई! सुया आहेत ह्या. क्षयाची लस टोचायला आलोय." मग हळूच हसून म्हणाला, "अंडी असती, तर तुम्हाला विचारल्याशिवाय खाल्ली असती होय?"

"शिव शिव!" मी कानांवर हात ठेवले. पण ओठांवरचं हसू झाकायला तिसरा हात कुठून आणू?

ज्योतीराम त्याचं नाव. उदगीरकडचा. सरकारी पथकाबरोबर गावोगाव सायकलवर फिरणारा. आदल्या वर्षी फ्लूची साथ घरोघर फिरून गेली होती, त्यामुळे आमचं सगळं चिंचवड धास्तावलेलं. औषधाला हो, पण सुईला नाही! म्हणून पथकाच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, आबाजीबुवांना गळ घातली. आबांचा शब्द लोक मानायचे. त्यांच्यामागं झांज घेऊन मी पद म्हणायची. आई नव्हती मला. गोजाआत्यानं वाढवलं आणि कीर्तनानं जगवलं म्हणा ना.

त्या दिवशी आबा निरूपण करता करता थांबले. "देह ही त्या दयाघनाची ठेव. ती राखायची का नाही?" आणि त्यांनी ज्योतीरामला पुढं बोलावलं.

"आधी सगळ्यांना तपासणीची टोचणी," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी ती जागा सुजली नाही, तर लस. सुजली, तर लस नाही."

कुणी जागचं हललं नाही. मग मीच झांज खाली ठेवली आणि डावा हात पुढं केला.

"भीती नाही वाटत?" त्यानं हळूच विचारलं.

"वाटते की… म्हणून तर तिकडं बघत नाहीये."

"माझ्याकडं बघा. सुईपेक्षा बरा दिसतो मी."

टोचलेलं मला कळलंच नाही!

घरी आल्यावर आत्यानं माझा हात धरला. "सुईचं इख आत ऱ्हायलं तर? वर काढाया पायजे." बिब्बा तापवून तिनं त्याचं तेल त्या जागेवर टेकवलं. काटा रुतो, पाय मुरगळो, आमच्याकडं आधी बिब्बाच. मीही गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी रांगेत सगळ्यांत पुढं मी. हात समोर धरला… आणि ज्योतीरामच्या हातातली मोजपट्टी तशीच थांबली. मनगटाच्या वर केवढी सूज, त्यावर टचटचीत फोड. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ह्यांना… ह्यांना लस नाही."

मग मागच्या सोजराबाईंनी पदर नाकाला लावला. "अगं बया! बुवांच्या पोरीला क्षय? आन् रोज आमच्या तोंडासमोर पद म्हनती व्हय?"

रांग फुटली. दुपारीच देवळाचे पंच घरी आले. "बुवा, कीर्तन करा. पण मंजुळा मागं नको." तासन्‌तास बोलणारे आबा… उठून देवघरात जाऊन बसले. पद नाही, तर मी कशाला उरले?

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीराम दारात. टोपी हातात.

"सुजलं म्हणजे रोग, असं नाही. हे मी तिथंच मोठ्यानं सांगायला हवं होतं. पण तुमचा हात बघून… मीच घाबरलो." त्यानं पाणी मागितलं आणि माझ्या हातचा तांब्या घटाघटा रिकामा केला. आत्या डोळे विस्फारून बघतच राहिली.

मग त्याची नजर माझ्या हाताकडं गेली. "हे कडेला काळं काय?"

"बिब्बा हाय त्यो," आत्या तोऱ्यात म्हणाली.

तो मटकन ओट्यावर बसला. "बिब्बा! आत्याबाई, टोचलेल्या जागेवर? त्याच्या तेलानंच सूज येते, फोड येतो; ही तपासणी आता धरताच येत नाही!"

त्या दिवशी देवळात, सगळ्यांसमोर, उजव्या हातावर पुन्हा टोचणी झाली. डॉक्टरांनी नळी लावून माझी छातीही तपासली. पथक चाकणला गेलं, तरी निकालाच्या दिवशी तो सायकल हाणत परत आला. आता हात साफ निघणार, सगळ्यांना खात्री! आत्यानं तर बिब्ब्याचा डबाच उचलून माळ्यावर टाकला होता.

मी बाही वर केली. ना फोड, ना काळा डाग… पण सूज होती. लाल, टणक.

मी बाही पुन्हा खाली ओढायला लागले.

"म्हनलं न्हवतं?" सोजराबाई.

ज्योतीरामनं मोजपट्टी खाली ठेवली. सावकाश स्वतःच्या बाहीचं बटण काढलं. त्याच्याही हातावर तशीच सूज!

"ह्यांना टोचलं, त्याच दिवशी स्वतःलाही टोचून घेतलं. नोकरीला लागलो तेव्हाही असंच सुजलं होतं. मलाही लस मिळाली नाही. जंतू कधीतरी अंगात शिरला आणि अंगानंच त्याला कोंडून ठेवलं, एवढाच ह्याचा अर्थ. डॉक्टरांनी आम्हा दोघांची छाती तपासलीय. साफ आहे." तो वळला. "मला क्षयी म्हणाल, सोजराबाई? तुमच्या नातवाला मीच टोचलंय!"

सोजराबाईंचा पदर नाकावरून गळून पडला. पंचांनी माना खाली घातल्या.

"आणि बुवा…" त्यानं बाहीचं बटण लावलं. "लसीच्या नियमात आम्ही दोघंही बसत नाही. तुमच्या नियमात मी बसत असेन, तर… मंजुळाबाईंना मागणी घालतो."

आबांच्या हातातली चिपळी तशीच हवेत राहिली. आत्यानं तोंडावर हात ठेवला. मी? मी पदर सावरत आत्यामागं सरकले.

चिपळी खाली ठेवून आबा म्हणाले, "देव ऐकतोय, पोरा."

"म्हणून तर इथंच बोललो."

आबा माझ्याकडं वळले. डोळे भरून आलेले. "ये, मागं उभी राहा. आधी पद म्हण. मग काय ते उत्तर दे."

झांज उचलली. पहिला सूर चिरकला, दुसरा लागला… आणि बायका एकेक करून पुढं सरकत माझ्या जवळ येऊन बसल्या. पद संपलं. टाळ शांत झाले. त्या शांततेत मी 'हो' म्हणाले, इतकं हळू की आबांनाही ऐकू गेलं नाही.

सभामंडपाच्या टोकाला, खांबाशी जाऊन बसलेला ज्योतीराम मात्र ताडकन उभा राहिला.