पाण्याचा सोस

देवाला फूल वाहून झालं की द्वारकाबाई मेथर पाण्याचा सोस बघायला बसत. देवखोल वाडीत आता घरोघरी हाच क्रम होता: आधी देवघर, मग काचघर.

काचघर म्हणजे खिडकीशी ठेवलेली काचेची टाकी. तिच्यात खारं पाणी, आणि पाण्यात जिवंत पोवळं. गेल्या काही वर्षांत समुद्र कणाकणाने आंबट होत गेला आणि किनाऱ्यालगतची पोवळ्यांची बेटं पांढरी पडून मेली. जी थोडी उरली होती, ती बोट बोट तोडून सागर-रोपवाटिकेने किनाऱ्यावरच्या चारशे घरांत सांभाळायला दिली. समुद्राला बरं वाटेपर्यंत ही लेक तुमच्याकडे राहू दे, असं म्हणून.

पोवळं आपलं हाड पाण्यातूनच बांधतं. त्यासाठी आम्ल पोटात घेऊनही न बिघडण्याची ताकद पाण्याला लागते. शास्त्रात तिला अल्कता म्हणतात. वाडीतल्या बायकांना तो शब्द तोंडात धरवेना, म्हणून त्यांनी त्याचा 'सोस' केला. पाणी किती सोसतं? तेवढा त्याचा सोस.

चाचणी साधी होती. लहान कुपीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यात रंगद्रव्य टाकलं की ते निळं होतं. मग आम्लाची बाटली उलटी आणि अगदी सरळ धरून एकेक थेंब सोडायचा. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून थेंब मोठ्याने मोजायचे. शेजारी ठेवलेली 'श्रवणी' नावाची वाटोळी चकती ते ऐकते आणि रोपवाटिकेला कळवते. पाण्याचं सोसणं संपलं की त्याच थेंबाला निळं पाणी पिवळं होतं. आठ थेंब म्हणजे सगळं ठीक. त्याहून कमी भरले तर सोड्यासारखी एक पांढरी पूड घालायची, कारण पोवळं वाढतं तसं पाण्यातलं रोज थोडं खात असतं.

द्वारकाबाईंनी शेवटचा थेंब सोडला. कुपी पिवळी झाली.

"सात," श्रवणी म्हणाली. "दोन चमचे पूड घाला."

"तू म्हणशील तसं गो बाय," असं म्हणून द्वारकाबाईंनी चकतीला नमस्कार केला आणि पूड न घालताच उठल्या.

त्यांनी आठ मोजले होते. महिनाभर हेच चाललं होतं, महिनाभर कसलं, पहिल्या दिवसापासून. यंत्र सात म्हणे, डोळे आठ म्हणत. द्वारकाबाई डोळ्यांचं ऐकत आणि यंत्राचा मान ठेवत.

ओसरीवर त्यांचे धाकटे दीर जयवंत जाळं विणत बसले होते. "काय गे वयनी, आज तरी पास झालंस?"

"सातच."

"मग काय! आज रोपवाटिकेची बाई येतली, पोवळा घेऊन जातली. नियमच तसो आसा. ह्या महिन्यापासून तीस दिवस लागोपाठ आठाच्या खाली गेला तर घर बदलूचा."

द्वारकाबाईंनी कुपी धुऊन पालथी घातली. दर एकादशीला राममंदिरातल्या कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन त्या उभ्या राहत. बुवांचा सूर कुठे वळणार ते ओळखून धृपद उचलायचं, एवढीच त्यांची हौस. त्या बाईचा आवाज आज बसला होता. टाकीतलं पोवळं त्यांच्या नवऱ्याने काढलेलं होतं. देवखोलचं बेट मरत असताना शेवटची बुडी मारून बोटभर जिवंत तुकडा वर आणला, आणि पुढच्याच वर्षी तो माणूस गेला. त्या बेटाचं दुसरं काही आता कुठेच उरलं नव्हतं.

नऊच्या सुमाराला अवनी सातार्डेकर आली. तिशीची मुलगी, रोपवाटिकेची शास्त्रज्ञ, हातात पाणी भरलेली पाठवणीची पेटी. ती पेटी पाहूनच द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काकी, मला बरं वाटत नाही हो हे करायला," अवनी म्हणाली. "पण सात म्हणजे पोवळ्याची उपासमार. दुपारपर्यंत मला कळवायचंय." असं म्हणत ती टाकीजवळ गेली आणि थबकली. बोटभर दिलेलं पोवळं वितीएवढं झालं होतं. गुलाबी फांद्यांना फांद्या फुटल्या होत्या. "हे... हे उपाशी दिसत नाही."

"उपाशी कित्याक ऱ्हवात? रोज सकाळी त्याच्याकडे बसून नामस्मरण करतंय मी."

अवनी हसली, पण लगेच कामाला लागली. घरगुती चाचणी अर्ध्या थेंबाने इकडेतिकडे होतेच. बाटली तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो आणि मोजणी फसते. तिने द्वारकाबाईंचीच कुपी, त्यांचीच बाटली घेतली आणि थेंब सोडले. "एक, दोन, तीन..." आठव्याला पिवळं.

"आठ," श्रवणी म्हणाली.

"आता तुम्ही करा, काकी."

द्वारकाबाईंचा हात समईत तेल घालावं तसा स्थिर होता, बाटली ओळंब्यात. त्या मोजत होत्या, पण अवनीचं सगळं लक्ष बाटलीकडे होतं. पाणी पिवळं झालं.

"सात," श्रवणी म्हणाली.

"बघ! माझा नशीबच सात," द्वारकाबाई म्हणाल्या.

"थांबा. पुन्हा करा, पण आता बोलू नका. मी बोटांवर मोजते." या वेळी आठ बोटं झाली. अवनी चकतीकडे बघत राहिली. पाणी तेच, बाटली तीच, हात तोच. काकी बोलल्या की एक थेंब हरवतो. "काकी, मोजताना तुम्ही म्हणता काय?"

"काय म्हणतलंय? लाभ, दोन, तीन, चार..."

"पहिलं काय म्हणालात?"

"लाभ!" ओसरीवरून जयवंतच ओरडले. "अगो, पयल्या मापाक एक म्हणू नये, लाभ म्हणूचा! उत्सवाचे तांदूळ आमच्या वयनीन तीस वर्सां मापल्यानी. तुझ्या मशीनाक लाभ ठावक नाय?"

नव्हतं ठाऊक. लोक भराभर मोजताना आकडा गाळतात, चारानंतर सहा म्हणतात. म्हणून शेवटचा आकडा न धरता किती आकडे ऐकू आले ते मोजायचं, असं श्रवणीला शिकवलं होतं. 'लाभ' हा तिच्या लेखी आकडाच नव्हता. अवनी डोक्याला हात लावून मटकन पाटावर बसली. "चारशे घरांची यंत्रणा उभी केली आम्ही, आणि एका शब्दाला अडलो! काकी, तुमचं पाणी पहिल्यापासून आठच आहे. मला वाटलं, एवढी पूड घालूनही सातच कसं—"

"पूड खय घातलंय मी?"

"म्हणजे?"

"डोळ्यांक आठ दिसत होते. भरल्या पानात परत कोण वाढता?" द्वारकाबाईंनी देवघराखालचं कपाट उघडलं. पुडीची पाकिटं जशी आली तशी, एकावर एक रचलेली. एकही फोडलेलं नव्हतं.

अवनी उठली. टाकीतल्या वितीएवढ्या पोवळ्याकडे आणि त्या पाकिटांकडे ती आळीपाळीने बघू लागली. "अकरा महिन्यांत काहीच घातलं नाहीत? काकी, हे होऊच शकत नाही. एवढं हाड बांधायला लागलेलं सगळं या पाण्यातून गेलंय. पाणी तीन आठवड्यांत रितं व्हायला हवं होतं."

तिने चौपट पाणी घेऊन चाचणी केली, म्हणजे थेंबागणिक पाव मापाचा फरक कळतो. बत्तीस थेंब. बरोबर आठ. श्रवणीने 'सात' म्हटलेलं कालचं पाणी द्वारकाबाईंनी बाटलीत राखलेलं होतं, त्याचेही बत्तीस. पोवळं खात होतं आणि कुणीतरी तेवढंच परत वाढत होतं.

"टाकीत आणखी काय आहे? अगदी खरं सांगा."

द्वारकाबाई ओशाळल्या. नियमात फक्त धुतलेली वाळू होती. "तुळस दुसऱ्या घरी देताना मुळाशी आपल्या अंगणातली मूठभर माती देतो ना आपण? तसा... पोर परक्या घरात इलेला. खाडीतल्या कांदळांखालचो गाळ वाळूखाली घातलंय, ओंजळभर. माहेरची माती म्हणून."

अवनीने काचेला नाक लावून पाहिलं. पांढऱ्या वाळूच्या तळाशी काजळासारखा एक थर होता. तिचा आवाज हळू झाला. "खारफुटीखालच्या त्या काळ्या गाळात हवा पोचत नाही. तिथे हवेवाचून जगणारे जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. सडलेली पानं खातात, आणि खाता खाता पाण्याला सोसण्याचं बळ परत देतात. पुस्तकात वाचलंय मी. पण पोवळ्याला पुरून उरेल इतकं, एका ओंजळीतून?"

द्वारकाबाईंना कीर्तनाचा मंडप आठवला. पुढे उभे राहून गातात ते बुवा; पण मागच्या काळोखात बसून अख्खी सभा धृपद धरते तेव्हाच ते उभं राहतं. टाकीच्या तळाशी कोण बसलं होतं, कोण जाणे! त्यांचे हात आपोआप जुळले.

"पण हे वरच्या लोकांना पटायला हवं," अवनी म्हणाली. "एका टाकीवरून ते म्हणतील, चाचणी चुकली. गाळामुळेच हे होत असेल तर खाडीतल्या गाळातल्या पाण्यातही दिसलं पाहिजे. समुद्राचं पाणी आता सहा थेंब सोसतं. गाळातलंही सहा-सातावर पिवळं झालं, तर मला पोवळं न्यावंच लागेल, तपासणीला. चालेल?"

"चल तर मग," द्वारकाबाई म्हणाल्या. "ओहोटी लागली आसा."

खाडीच्या काठाला कांदळाच्या मुळ्या चिखलातून बोटांसारख्या वर आल्या होत्या. जयवंतांनी गुडघाभर चिखलात उतरून हाताने खड्डा केला. जरा वेळाने तळाशी पाणी झिरपू लागलं; गढूळ, कुजट वासाचं. त्या वासाला वाडीतलं कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पलीकडे कांदळं तोडून भराव टाकायची आखणी झाली होती, लाल झेंड्या रोवलेल्या दिसत होत्या. अवनीने पाणी गाळून कुपीत घेतलं, निळं केलं आणि बाटली द्वारकाबाईंच्या हातात दिली.

"तुमचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे."

द्वारकाबाईंनी श्वास धरला. या वेळी ऐकायला श्रवणी नव्हती. अवनीच हळूहळू मोजत होती. पाच. सहा. द्वारकाबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. सात. कुपी निळी. आठ. निळी. "नऊ," अवनी म्हणाली. जयवंत चिखलातच उभे राहून वाकून बघत होते.

बारा. पंधरा. अवनी कुपीवर आणखी वाकली. अठरा. कुपीतला निळा रंग देवाच्या शेल्यासारखा जिथल्या तिथे होता.

"काकी, पेटी मी रिकामीच परत नेते," ती म्हणाली. "तुमचं पोवळं कुठेही जात नाही."

द्वारकाबाईंनी मान हलवली, पण हात थांबवला नाही. एकवीस. बावीस. भरतीओहोटीला हे पाणी रोज दोनदा समुद्रात जात असणार. कुणी मोजलं नाही, कुणी मागितलं नाही, तरी जात असणार. बाटलीतलं आम्ल संपत आलं. तळाचा शेवटचा थेंब टोकाशी आला, लोंबला, पडला.

पाणी निळंच होतं.

लाल झेंड्यांच्या आतबाहेर कांदळांच्या मुळ्या भरतीच्या पाण्याखाली जायची वाट बघत उभ्या होत्या. द्वारकाबाई कुपी उन्हात धरून किती तरी वेळ बघत राहिल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आपण सगळे ह्या चिखलाक नाक मुरडत होतो, तेवा ह्यो कोणाचा कोणाचा सोसत होतो?"