फौजदाराचा रंग

उष्णकक्षाचं तापमान अडतीस अंश होतं आणि सर्जेराव भोईटे सकाळपासून त्यातच ठाण मांडून बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर वीतभर लांबीचा सरडा आणि हातातल्या ड्रॉपरमध्ये लाल भोपळ्याचा पातळ गर. साताऱ्याजवळच्या या प्राणी पुनर्वसन केंद्रात भोईटे तीस वर्षं परिचारक होते. शेजारी त्यांची पाण्याची बाटली होती, दिवसातली चौथी. या भट्टीत बसल्यावर तहान लागणारच, असं सगळेच म्हणत.

काचेपलीकडून डॉ. तेजल शेडगे पाहत होत्या. सरडा आला तेव्हा तो दोन दिवसांपेक्षा जास्त जगणार नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. कुण्या घरातल्या माळ्यावर, दिवा बंद पडलेल्या काचपेटीत तो दीड वर्ष पडून होता. अंग राखेच्या रंगाचं, पाय वाकलेले, जबडा बोटाने दाबला तर दबायचा. पण भोईट्यांनी हार मानली नाही. अतिनील दिव्याखाली शेक, परातीत कोमट पाण्याची अंघोळ, कॅल्शियमची पूड लावलेले नाकतोडे, असा रतीब त्यांनी एकदाही चुकवला नाही. पहिल्या आठवड्यात सरड्याने त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. त्या दिवशी त्यांना एवढा आनंद झाला, की अंगठ्याला पट्टी बांधून ते केंद्रभर दाखवत फिरले. "जबड्यात जोर आला बगा फौजदाराच्या," ते म्हणाले. रोखून बघायच्या सवयीमुळे त्याला हे नाव त्यांनीच दिलं होतं.

विसाव्या दिवशी फौजदार हिरवागार झाला. पंचविसाव्या दिवशी मात्र तो तपकिरी पडला, तो पडलाच.

म्हणून आज डॉ. निरंजन पानसे आले होते. 'साखरपारखी' सरड्यांची ही जात त्यांनीच घडवली होती.

"पिल्लू अंड्यातून निघाल्यावर ज्याच्या हातात वाढतं, त्याचा वास त्याच्या मेंदूत उमटतो," पानसे म्हणाले. "याला आम्ही गंधमुद्रण म्हणतो. पुढे त्या एका माणसाच्या रक्तातली साखर वाढली, की त्याच्या घामाचा वास बदलतो आणि सरड्याची पाठ तपकिरी होते. मधुमेही मुलांना सारखी सुई टोचायला नको म्हणून केलेली सोय होती. नंतर दंडावर चिकटवायच्या पट्ट्या आल्या आणि सरडे माळ्यावर गेले."

"याचा माणूस तर इथे नाही. मग हा तपकिरी का?"

"गंधमुद्रण आयुष्यात एकदाच होतं. माणूस जवळ नसला, तर रंग फक्त त्याच्या स्वतःच्या प्रकृतीचा. तपकिरी म्हणजे यकृत गेलं. पंधरा दिवस रंग परतला नाही, तर त्याला शांतपणे झोपवायचं. नियम माझाच आहे, तेजल. या जातीला यकृताच्या वेदना फार होतात."

आज पंधरावा दिवस होता. पानशांनी शेवटची नोंद घेतली. रोजच्याप्रमाणे भोईट्यांच्याच हातात, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात फौजदार स्थिर बसत नसे आणि हलत्या पाठीचा रंग यंत्राला वाचता येत नसे. तपकिरीच.

"म्याडम, खातंय, चालतंय, डोळं वटारतंय," भोईटे म्हणाले. "आजारी कुठनं म्हनायचं ह्याला?"

केंद्राचा आणखी एक नियम होता. ज्याने शुश्रूषा केली, त्याने शेवटच्या वेळी खोलीत थांबायचं नाही. भोईट्यांनी फौजदाराला उपचारकक्षातल्या टेबलावर ठेवलं, टॉवेल त्याच्याखालून अलगद काढून घेतला, सैल झालेली पँट वर ओढली आणि मान खाली घालून ते बाहेर गेले.

टेबलावर फौजदार एकटाच होता. पानसे अर्ज भरत होते, तेजल औषध मोजत होत्या. दहा-बारा मिनिटं गेली असतील. सुई घेऊन त्या वळल्या आणि जागीच थांबल्या. सरडा कोवळ्या पानासारखा हिरवा झाला होता.

"यकृत असं दहा मिनिटांत बरं होतं, सर?"

पानशांचं पेन थांबलं. तेजलनी सुई ठेवली, दार उघडलं आणि म्हणाल्या, "भोईटेमामा, जरा आत या."

भोईट्यांनी हात पुढे करताच फौजदार वाकड्या पायांनी त्यांच्या तळव्यावर चढला. दोघांच्या डोळ्यांदेखत त्याची पाठ शेपटीपासून तपकिरी होत गेली.

"उपासमारीने त्याच्या गंधपेशी मेल्या असणार," पानसे हळू आवाजात म्हणाले. "यांनी त्याला इतकं बरं केलं, की त्या पुन्हा उगवल्या. नव्या पेशींवर नवं गंधमुद्रण झालं. एकदाच होतं हे मी बिनदिक्कत सांगत आलो, कारण मरणाच्या दारातून याला कुणी इतकं मागे आणलंच नव्हतं."

तेजलना पाण्याच्या बाटल्या आठवल्या, सैल पँट आठवली. महिना उलटूनही न भरलेल्या अंगठ्यावरची पट्टी तर समोरच दिसत होती. "मामा, बोट द्या."

साखर मोजायच्या यंत्राने आकडा दाखवला, चारशे बारा.

भोईट्यांनी तळहातावरच्या फौजदाराला डोळ्यांसमोर धरलं. "म्हंजे पंधरा दिस ह्यो मला सांगत हुता," ते म्हणाले, "आन् आपन त्यालाच मारायला निघालो हुतो."

पानशांनी अर्ज फाडला आणि उठून त्यांना हात जोडले.

आता भोईटे गोळ्या घेतात, रोज टेकडी चढून येतात आणि अंगठाही भरला आहे. परवा कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरलं म्हणून केंद्रात कंदी पेढे वाटले. तासाभराने तेजल उष्णकक्षात डोकावल्या, तर फौजदार भोईट्यांच्या मांडीवर होता आणि भोईट्यांनी त्याच्यावर टॉवेल पांघरला होता.

"थंडी वाजतीय त्याला," भोईटे म्हणाले.

तेजलनी भिंतीवर पाहिलं. अडतीस अंश. त्यांनी टॉवेल उचलला.