पांढऱ्या खड्यांची चोरी

उस्मानाबादेत खाजगी गुप्तहेराला काय काम असणार, असं लोक म्हणत. मार्तंडरावांकडे बहुतेक हरवलेल्या म्हशींच्या तक्रारी येत आणि म्हशी सापडतही. त्यामुळे विद्यापीठातल्या संशोधक विमलताई दारात आल्या, तेव्हा मार्तंडरावांचे मित्र तात्या सदरा चढवायला आत पळाले.

"माझे नमुने चोरीला गेले," विमलताई म्हणाल्या. "येरमाळ्याच्या टेकडीवरच्या मातीपासून मी आग सोसणारे खडे तयार केलेत. पोलादाच्या भट्ट्यांना आतून असल्या मातीच्या विटा लागतात. त्या आपण परदेशातून आणतो. उद्या विद्यापीठाची समिती येरमाळ्याला येतेय. नमुने नसले तर काम बंद."

"नवे करता येणार नाहीत?"

"उद्यापर्यंत नाही. घरच्यांचं न ऐकता सगळी उमेद यात घातली मी."

मार्तंडरावांनी टोपी उचलली. "या बाई मातीला आग सोसायला शिकवतायत, तात्या. चला."

येरमाळ्यात देवीची चैत्री पौर्णिमेची यात्रा नुकतीच उरकली होती. विमलताईंचा मुक्काम कल्याणप्पा मास्तरांकडे होता. नमुन्यांची लाकडी पेटी तिथल्याच ओसरीत होती. यात्रेच्या दिवशी आतले पांढरे खडे गेले होते, तांबडे तसेच होते. वरचं गवत नीट दाबून बसवलं होतं आणि झाकणावर चिमूटभर कुंकू होतं.

"चोर भलताच टापटिपीचा," तात्या म्हणाले.

"तांबडे कशासाठी?" मार्तंडरावांनी विचारलं.

"तुलनेसाठी. दोन्ही मिळूनच माझी पद्धत कळते."

परदेशी विटांचा एजंट हणमंतप्पा मोकळेपणानं बोलला. "बाईंचा माल निघाला तर माझा धंदा बसतो, हे खरं. पण यात्रेच्या दिवशी मी सोलापुरात होतो. जावई साक्षीला आहेत."

"गोरोबा, तू?"

"म्या ताईसंगं टेकडीवर माती काढत हुतो," मदतनीस गोरोबा म्हणाला. विमलताईंनी होकारार्थी मान हलवली.

कल्याणप्पा त्या दिवशी बायकोसह पालखीबरोबर गेले होते. घरात होत्या फक्त त्यांच्या आई, धुरपदाबाई.

"गुडघ्यांनी दगा दिला," त्या म्हणाल्या. "आमराईत चुनखडी वेचाया जाता आलं न्हाय. जलमात पयल्यांदा चुकलं." मग त्यांनी विमलताईंच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नगंस पोरी. देवीआईनं तुजी सेवा घेतलीया. तुजं काम हुतंय."

तात्यांना गलबलून आलं. मार्तंडरावांनी मात्र विचारलं, "आजी, काय गेलं ते तुम्हांला सांगितलं का कुणी?"

"मला कोन सांगतंय? शाळंचं कायतरी गेलं म्हनं."

मार्तंडरावांनी बाहेर येऊन एवढीच चौकशी केली, की चुन्याची भट्टी कधी उघडणार.

दुसऱ्या दिवशी समिती आली ती थेट त्या भट्टीपाशी. समितीचे अध्यक्ष घाम पुसत होते. "नमुने कुठं आहेत?"

"तेच सांगतो," मार्तंडराव म्हणाले. "ज्याला पद्धत चोरायची, त्यानं तांबडे खडेही नेले असते. नेणाऱ्याला फक्त पांढरे हवे होते. चोर झाकणाला कुंकू लावत नाही. लावतो तो देवाची वस्तू समजून. यात्रेच्या दिवशी इथं पांढरा खडा म्हणजे एकच. हजारो माणसं पालखीमागं चुनखडी वेचतात आणि ढिगावर घालतात. ती या भट्टीत भाजून देवीच्या मंदिरासाठी चुना करतात. जाता आलं नाही ते एकाच माणसाला. आजी, पेटीतली चुनखडी कुणी नेली?"

"म्याच सुनंच्या पाटीत घातली," धुरपदाबाई सरळ म्हणाल्या. "पोर शहरातली. वेचून पेटीत ठिवली, ढिगावर घालायची राहिली. तिची सेवा वाया जाऊ नये, आन माजाबी हात लागावा."

कल्याणप्पांनी कपाळावर हात मारला. विमलताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं भट्टीत गेलं."

"गेलं. म्हणूनच पाणी मागवलंय. विश्वास ठेवा, तुमच्याच मातीवर."

भट्टीतले खडे कुंडीत टाकून वर पाणी ओतलं. चुना फसफसला, फुगला, फुटला आणि बघता बघता पांढरा रबडा झाला. भट्टीवाल्या बसप्पानं तळातून खोरं फिरवलं. खणकन आवाज आला.

एकेक करून खडे वर आले. ना तडा, ना टवका. प्रत्येकावर विमलताईंनी कोरलेली खूण तशीच होती.

"किती वेळ आग लागली यांना?" अध्यक्षांनी विचारलं.

"यात्रेपास्नं रातंदिस," बसप्पा म्हणाला.

अध्यक्षांनी एक खडा दुसऱ्यावर वाजवून पाहिला. "इतकी सलग आग द्यायची आमच्याकडे सोयच नाही. बाई, पुढच्या चाचण्या आम्ही करून देऊ. काम चालू ठेवा."

तात्यांनी टाळ्या वाजवल्या. धुरपदाबाई मात्र कुंडीकडे बघत उभ्या होत्या.

"म्हंजी ती चुनखडी नव्हतीच," त्या हळूच म्हणाल्या. "मग माजी सेवा कुटं गेली?"

विमलताईंनी हातातले नमुने मार्तंडरावांकडे दिले आणि पदर खोचून त्या आमराईत शिरल्या. ओंजळभर चुनखडी वेचून आणली, आजींच्या ओच्यात घातली आणि त्यांचा हात धरून त्यांना सावकाश, गुडघ्यांच्या कलानं, भट्टीशेजारच्या उरलेल्या ढिगापर्यंत नेलं.