भरल्या गाडीचा आवाज

बंकट मिस्त्रीने जीपची मागची चाकं जॅकवर उचलून तिसऱ्यांदा फिरवली आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"एक्सल एक नंबर हाय, ताई. बेरिंग बघितलं, तेल बघितलं, दाते बघितले. कायच न्हाई."

"मग आवाज कुठून येतो?" सुनिताने विचारलं.

"लोडचा हाय तो. भरलेली गाडी अशीच बोलती."

सुनिता गेवराईच्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. बारा वर्षं ती स्वतःच्या जुन्या जीपने धनगरवस्त्यांवर जाऊन शेळ्या-मेंढ्यांना लस टोचत होती. म्हशीच्या पोटाला नळी लावून आत काय बिघडलंय ते सांगणारी बाई ती. आवाज आपल्याला कळत नाही असं कोणी सुचवलं तरी तिचं डोकं फिरायचं. आठ दिवस झाले, मागून जड घरघर येत होती. चढाला ती वाढायची, आणि खड्डा आला की चाकांवरचे लोखंडी पाटे कण्हत खाली बसायचे. दोन गॅरेजवाल्यांनी हसून तिला वाटेला लावलं होतं. बंकट तरी हसला नाही.

"लोड कसला? औषधाची एक पेटी असते माझ्याकडं."

बंकट चिंधीला हात पुसत राहिला. "सवाऱ्या नेत असाल तर सांगा. मी कुणाला बोलत न्हाई. आमच्या गॅरेजातल्या शहादेवनं परवा बघितलं, मागं तिघं बसलेले."

सुनिताची कानशिलं तापली. हीच तक्रार कार्यालयात गेली होती. लस न्यायच्या गाडीत सवाऱ्या का भरता, याचा लेखी खुलासा उद्या द्यायचा होता. बारा वर्षांत तिने कुणाला रस्त्यात उचललं नव्हतं, आणि आता मिस्त्रीसुद्धा तेच म्हणत होता.

"शहादेवला म्हणावं, डोळे तपासून घे."

"आवाज कवापासून येतोय?"

"मागच्या मंगळवारपासून. गोदावरीकाठी वाळू उपसलेल्या खड्ड्यांपाशी गाडी तापली. मागचं दार उघडं टाकून पाणी आणायला गेलते. येताना सुरू झाला."

"तिथं कोण होतं?"

"कोण असणार? खड्डे नि बाभळी."

बंकटने पान्हे गोळा केले. जीपच्या मागून न जाता तो वळसा घालून आत गेला.

सुनिता तडक बायपासवरच्या वजनकाट्यावर गेली. खुलाशाला नुसते शब्द कशाला, रिकाम्या गाडीच्या वजनाची छापील पावतीच जोडू, असं तिने ठरवलं होतं. दुपारचे तीन वाजले होते. उसाचा एक ट्रॅक्टर नुकताच वजन करून गेला होता आणि लोखंडी फलाटावर पाचट पसरलं होतं. काटा बघणारा हरिओम पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस होता.

तिने जीप फलाटावर घेतली, औषधाची पेटी काढून बाहेर ठेवली आणि स्वतःही फलाटावरून खाली उतरली. गाडीच्या पुस्तकात रिकामं वजन सोळाशे वीस किलो होतं.

काट्याच्या विजेच्या फळ्यावर लाल आकडा आला. १७६०.

"मागची माणसं उतरवा की," खिडकीतून हरिओम म्हणाला.

"कुठली माणसं?"

"वजन सांगतंय ना."

तिचा आवाज चढला. "तुमचा काटा खोटा हाय. माझी नोकरी जायची याच्यापायी. नीट करा आधी."

हरिओम शांतपणे बाहेर आला. फलाटाखाली वाकून बघितलं, काही अडकलं नव्हतं. मग तो स्वतः फलाटावर चढला. १८३०. उतरला. १७६०.

"सत्तर किलोचा हाय मी," तो म्हणाला. "काटा बरोबर हाय."

सुनिताने संतापाने फलाटाबाहेरूनच हात लांबवून जीपचं मागचं दार सताड उघडलं. "या. बघा. मोजा किती माणसं हायेत ती."

आत दोन बाकं, एक जुनं पोतं आणि ओल्या वाळूचा वास.

त्या दोघांच्या डोळ्यांदेखत गाडीचा मागचा भाग थोडा वर आला. थांबला. पुन्हा वर आला. तिसऱ्यांदा आला तो इतका थोडा, की पाट्याची कुरकुर झाली नसती तर कळलंही नसतं.

फळ्यावर १७६०च होते.

"पुढं घ्या गाडी," हरिओम हळू म्हणाला आणि आत खिडकीशी गेला.

तिने घेतली. दार तसंच उघडं होतं. मागून आवाज आला नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा जीप हलकी चालली. दहा-बारा पावलांवर तिने इंजिन बंद केलं, उतरून मागे गेली आणि फलाटाकडे बघितलं.

फलाट रिकामा होता. वाऱ्याने पाचट हलत होतं.

फळ्यावर १४०.

"काटा बिघडला," ती म्हणाली. तिला ते मोठ्याने म्हणायचं होतं.

हरिओम खिडकीपासून मागे सरकला होता.

आकडा ७५ झाला. क्षणभराने तिच्या शेजारी जीपचे पाटे खाली बसले.

मग २०. पाटे पुन्हा बसले.

वीसवर आकडा थांबला. बराच वेळ थांबला.

सुनिताने दार लावून घ्यायला हात घातला.

फळ्यावर शून्य आलं. तिचा हात दारावर होता, आणि जीप जराशीच, अगदी केसभर, आणखी खाली बसली.