पलीकडून वर केलेला हात

"एक... दोन... तीन..."

"चार," मागून कुणीतरी म्हणालं.

माझा हात तसाच थांबला. नोव्हेंबरातला शनिवार, स्कॉटलंडमधल्या ग्लेन कोचा डोंगर, भुरभुरता बर्फ... आणि मराठी? वळून पाहिलं. निळ्या टोपीतला एक उंच मुलगा फार गंभीर चेहऱ्याने मी बर्फात खणलेल्या खड्ड्यात डोकावत होता.

"सॉरी. मला वाटलं, पुढचा आकडा विसरलात."

तो यशोधन. ग्लासगोच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मी त्याच शहरात बर्फाच्या स्फटिकांवर पीएच.डी. करत होते. त्या दिवशी बर्फाचा एक उभा खांब कापून, किती थापांना थर घसरतो ते बघायला त्यावर फावडं ठेवून हाताने थापा मारत होते. पुढच्याच थापेला वरचा थर सपकन घसरून माझ्या पायाशी आला.

"पण एवढासा तर बर्फ आहे," तो म्हणाला. "सीझन आत्ता सुरू होतोय."

"म्हणूनच. पातळ बर्फाचा तळ थंडीत साखरेसारखा सुटा होतो. वर वाऱ्याने नवा बर्फ आणून टाकला, की तो नुसता वाट बघत असतो."

"कुणाची?"

"तुमच्यासारख्यांची."

तो हसला. आणि घळीतून चढायचा नाद सोडून, वाऱ्याने बर्फ झाडून नेलेल्या धारेवरून गुपचूप माझ्यामागे आला.

पुढे सुट्ट्या जुळवून आम्ही डोंगरावर जाऊ लागलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. एकदा वाटेत एक आडवा उतार आला. तपासला, बरा वाटला. तरी मी त्याला नियम सांगितला.

"एका वेळी एकच जण. दुसऱ्याने उभं राहून बघत राहायचं. पलीकडे नीट पोचलं की हात वर करायचा. त्याचा अर्थ, 'आता तू ये.'"

"आणि तोवर नजर हलवायची नाही?"

"अजिबात नाही."

"मग सोपं आहे, सुमेधा. मला प्रॅक्टिस आहे."

मी टोपी कानांवर ओढून घेतली. कान थंडीने लाल झाले नव्हते.

फेब्रुवारीत सांगलीहून फोन आला. त्याचे वडील गेले होते. त्यानंतर आम्ही डोंगरावर गेलोच नाही. खालीच गाडीत बसून फ्लास्कमधला चहा प्यायलो.

"आई एकटी पडलीय," तो म्हणाला. "बाबांचं हॉस्पिटल बंद आहे. पेशंट दारापर्यंत येऊन परत जातात."

"कायमचा जातोयस?"

"हो... तिथे बर्फ..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"पडत नाही," मी म्हटलं.

"फ्रीजमध्ये असतो थोडा."

आम्ही दोघंही हसलो. मग त्याने फ्लास्कचं झाकण लावून टाकलं.

'माझ्यासोबत येतेस?' असं त्याने विचारलं असतं, तर मला नाही म्हणावं लागलं असतं. ते त्याला माहीत होतं. म्हणून त्याने विचारलं नाही.

ग्लासगो सेंट्रलला लंडनची गाडी लागली होती. त्याने माझी टोपी कानांवर नीट ओढली, बॅग उचलली आणि निघाला. मी गेटपाशीच थांबले. त्या लांबलचक प्लॅटफॉर्मवर गर्दीतून लहान होत जाणारी निळी टोपी बघत राहिले.

डब्याच्या दाराशी तो वळला. जरा घुटमळला... आणि त्याने सावकाश हात वर केला.

एवढे दिवस न विचारलेलं त्याने शेवटी विचारलं.

माझे पाय हलले नाहीत. गाडी वळणाआड गेली तरी, नजरही नाही.