दोन ठोक्यांमधली जागा

मी स्टुडिओत गेले ती नुसता एक डबा आणायला. पत्र्याचा, चपटा, ताटाएवढा डबा. त्यात आमच्या दादाच्या बँडच्या अल्बमची मास्टर टेप होती आणि ती चारच्या आत रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यात पोचवायची होती. दुपारचा एक वाजला होता, कारखाना बसने वीस मिनिटांवर. एवढंच काम.

दादा ड्रम वाजवतो. त्यांचं संगीत मेटल, पण तुम्हाला वाटतं तसलं धावणारं नाही. डूम म्हणतात, स्टोनर म्हणतात. गिटारच्या तारा इतक्या सैल सोडलेल्या असतात की सूर कानात शिरत नाही, छातीवर येऊन बसतो. एक ठोका पडतो आणि दुसरा येता येत नाही. आमच्या मोठ्या मामांनी हे ऐकून विचारलं होतं, "मशीन बिघडलंय का?" आणि ते विनोद करत नव्हते. मला विचाराल तर सगळी नशा त्या वाट बघण्यातच आहे. जगात जो तो आपल्याला घाई करत असतो. हे संगीत तेवढं म्हणतं, बस की निवांत, कुठे जायचंय तुला?

पण रेकॉर्डिंग संपल्यापासून दादाच मंदावला होता. आधी वाटलं थकवा असेल. मग त्याच्या शब्दांमध्ये अंतर पडायला लागलं. दाराची बेल वाजली की तो उठून पोचेपर्यंत माणूस निघून गेलेला असायचा. मध्येच एखादा दिवस अगदी पूर्वीसारखा उजाडायचा, की पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, मन खचलंय, गोळ्या घ्या. आई म्हणाली, लवकर झोपत जा. वडीलधाऱ्यांची औषधं ठरलेली असतात. माझं निदान सरळ होतं: अल्बम सहा आठवडे अडकून पडलाय, तो छापून आला की दादा उठेल. आणि अल्बम कोणी अडकवलाय हेही मला ठाऊक होतं.

ब्लेडकाका. आमचे नात्याने कोणी नव्हेत. तळघरात स्टुडिओ चालवणारे जुने ध्वनिमुद्रक. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. टेप ब्लेडने तिरकी कापतात आणि चिकटपट्टीने जोडतात, म्हणून हे नाव. कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये ते काम मीही त्यांच्याकडेच शिकले.

मी जिना उतरले. तळघरात दिवसरात्र सारखीच असते. तापलेल्या धुळीचा आणि जुन्या टेपचा आंबूस वास. भिंतींवर जाड घोंगड्या, त्यामुळे आपला आवाज तोंडातून निघतो आणि तिथेच मरतो.

"झालं नाही अजून," काका मान वर न करता म्हणाले. "आज पुन्हा कापावं लागणार."

"पुन्हा? काय कापताय तुम्ही?"

उत्तराची गरज नव्हती. त्यांच्यामागच्या फळीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला टेपचा एकेक तुकडा लोंबत होता. बोटाएवढे, हाताएवढे, एक तर जमिनीपर्यंत. तिथली रीतच आहे ती. काम संपेपर्यंत कापलेला तुकडा फेकायचा नाही, त्यावर पेन्सिलीने तारीख, जागा आणि दिशेचा बाण लिहून टांगायचा. मी मोजले. सदतीस.

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही अल्बम वेगवान करताय! परस्पर! दादाला न विचारता!"

"वाजवलेलं काहीच कापलं नाही मी," काका शांतपणे म्हणाले. "नुसती दोन ठोक्यांमधली जागा."

"अहो, तेच तर संगीत आहे!"

"बेचाळीस मिनिटं वाजवलं पोरांनी. दर सोमवारी मोजतो. दर सोमवारी जास्त भरतं."

"भरतं म्हणजे? टेप काय कणीक आहे का फुगायला?"

ते काही तरी बोलणार होते. त्यांचे ओठही उघडले होते. मग माझ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. वडीलधाऱ्यांचं हे गिळणं मला मुळीच सहन होत नाही. काही तरी लपवल्याशिवाय माणूस असा गप्प बसत नाही.

"दोनला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय," ते उठत म्हणाले. "तीनपर्यंत येतो. टेपला हात लावू नकोस, बाई. शप्पथ आहे तुला."

कानाच्या डॉक्टरकडे! मी मनात म्हटलं, दहा वर्षं आधी जायला हवं होतं.

जिन्यावरची पावलं विरली आणि मी बाह्या सरसावल्या. तुकडे तारखेप्रमाणे लावले, बाण बघितले, टेप उघडली आणि एकेक जागा परत जोडत गेले. शेवटची चिकटपट्टी नखाने दाबली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी दादाला फोन केला.

"दादा, तुझं सगळं परत लावलं बघ! काकांनी कापलेलं सगळं!"

पलीकडे शांतता. पंख्याची घरघर. मग श्वास.

"दादा?"

"…न…को…"

"काय नको? अरे, आज टेप जातेय कारखान्यात!"

पुढे काही आलंच नाही. गोळ्यांचा अंमल, असं म्हणून मी फोन ठेवला. नेण्याआधी एकदा ऐकून तरी घ्यावं म्हणून मशीन चालू केलं.

पहिली तीन गाणी मी डोळे मिटून ऐकली. काय होतं ते! गिटार आल्या की टेबलावरचा पेला थरथरायचा. ठोका पडायचा, पोटात उतरायचा, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत माणूस नुसता लोंबकळत राहायचा. चौथ्या गाण्यात मात्र मी मोजायला लागले. ठोक्यानंतर आठ आकडे. मग बारा. मग वीस. दादा संथ वाजवतो, पण वीस?

आणि त्या जागा रिकाम्या नव्हत्या.

आधी वाटलं खोलीचा आवाज असेल. रेकॉर्डिंगच्या खोलीची हवासुद्धा टेपवर उमटते. मी आवाज वाढवला. खुर्ची करकरली होती. पुढच्या जागेत कापड घासल्याचा आवाज. त्यापुढच्या जागेत कोणी तरी लांब, समाधानाचा श्वास सोडला. कुणी आपल्या हक्काच्या खुर्चीत सावकाश टेकावं ना, तसा. बँडमध्ये तिघं. तिघांचेही श्वास मला ओळखू येतात. हा त्यांतला नव्हता.

मग एक ठोका पडला, आणि पुढचा आलाच नाही.

मी साठपर्यंत मोजलं. दोनशेपर्यंत. आवाजाच्या मीटरचा काटा तळाशी पडून होता, मधूनच किंचित उचलत होता. आणि डाव्या रिळावरची टेप… ती फिरत होती, उजवीकडे जात होती, पण डावीकडची कमी होत नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. काका दारात थांबले. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही. फळीकडे बघितलं. मोकळ्या खिळ्यांकडे.

"किती लावलेस?"

"…सगळे."

ते मटकन स्टुलावर बसले. "पहिला तुकडा कापला त्या संध्याकाळी तुझा दादा हा जिना धावत उतरून आला होता गं. हसत. म्हणाला, काका, आज हलकं वाटतंय. आठवड्याने टेप पुन्हा भरली, तो पुन्हा मंदावला. मी पुन्हा कापलं. तेवढंच होतं माझ्या हातात."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

माझा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. काकांनी मनगट पकडलं.

"असं मध्येच बंद करू नकोस… तुझा दादा आत्ता तिथे आहे. त्या जागेत."

तेवढ्यात फोन वाजला, मी स्पीकरवर टाकला. आई.

"अगं, तुझ्या दादाला काय झालंय बघ ना. घास हातात धरून बसलाय. तोंडापर्यंत नेलाय आणि तसाच. पाच मिनिटं होत आली. डोळेसुद्धा मिटत नाहीयेत गं…"

काकांनी आई काय म्हणाली ते ऐकलं आणि मशीनची मोटर बंद केली, पण टेप सोडली नाही. दोन्ही रिळांवर दोन तळवे ठेवले. हाताने टेप पुढेमागे सरकवून ठोका शोधायचा, ही त्या लोकांची जुनी पद्धत. ते हळूहळू पुढे फिरवत राहिले. स्पीकरमधून नुसती हवा, खोल घुमणारी. त्यांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला. पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता, मी ओढणीने पुसला. किती वेळ गेला कोण जाणे.

धप्प.

ठोका. दादाचाच, जड आणि गोल.

"खाल्ला!" आई फोनवर ओरडली. "खाल्ला बाई घास! अरे, सावकाश, ठसका लागेल!"

मागून दादाचा आवाज आला, भरभर, पूर्वीसारखा. "आई, पाणी दे. किती भूक लागलीय! सगळे असे का बघताय?"

मी रडायलाच लागले. काका हसत होते, पण त्यांचे तळवे रिळांवर घट्ट होते. मागे फिरवलं तर दादा पुन्हा त्या जागेत जाईल, हे त्यांनाही कळत होतं, मलाही.

"सगळे म्हणजे कोण?" मी डोळे पुसत विचारलं. "आई, घरात तर तुम्ही दोघंच ना?"

"अगं, तुझ्या दादाचा कुणीसा मित्र आलाय ना. मी आपली दादाच्याच काळजीत, सांगायचंच राहिलं. शेजारच्या खुर्चीत बसलाय. बोलत नाही काही. मघाशी पाण्याचा पेला पुढे केला, तर हात नुसता उचलून ठेवलाय. घेत नाही, नको म्हणत नाही."

मी काकांकडे बघितलं. त्यांचं हसू गेलं होतं. घामाने ओला झालेला त्यांचा अंगठा रिळावरून केसभर घसरला. टेप पुढे सरकली. अगदी केसभर.

"हां," आई म्हणाली. "आत्ता जरासा हलला बघ हात. पण पेल्याकडे नाही गं… तुझ्या दादाकडे."