वखारआळीतला हरवलेला उतार

"बाई, रॅम्प चोरीला गेला."

फोनवर राजश्री घागचा आवाज रागाने कापत होता.

"काय गेला?"

"रॅम्प, बाई! चाकाची खुर्ची वर न्यायचा उतार. मी पायऱ्यांपाशी खाली बसल्येय. पाचच्या आत वर जाऊन हजर झाले नाही तर माझी नेमणूक पुढच्या नंबराला जाईल."

मालन शिवलकर यांनी पानातला भात तसाच झाकून ठेवला आणि छत्री उचलली. त्यांनी उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला होता आणि राजश्री त्यांच्या वर्गात होती. लहानपणच्या आजाराने तिचे पाय गेले तेव्हा तिला बाहेरच्या व्हरांड्यात बसवा, असं सांगणारे लोक बाईंनी पाहिले होते. नोकरी मिळाल्याचे पेढे तिने परवाच आणून दिले होते.

वखारआळीत दिव्यांग सहाय्य केंद्र होतं. इमारत जुनी, जांभ्या दगडाची, पूर्वीची मिठाची वखार. आता पुढे चकचकीत ग्रॅनाइटच्या सहा पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांच्या तळाशी, एप्रिलच्या उन्हात, राजश्री खुर्चीवर बसली होती. वर दारावर पाटी होती: 'दिव्यांग कक्ष'.

"वर तेवढी पाटी नेली शहाण्यांनी," बाई म्हणाल्या.

केंद्रप्रमुख विनीत आंबर्डेकर घाम पुशीत खाली आला. "आजी, तुम्ही कशाला उन्हात..."

"आजी तुझ्या घरी. मी हिची बाई. रॅम्प कधी गेला?"

"काल रात्री. भंगारवाल्यांचं काम. लोखंडी होता ना, चांगला वजनदार, पायऱ्यांना बोल्ट मारून बसवलेला. टेम्पो लावून नेला असणार."

"पोलिसांत गेलास?"

"जाणार ना. आज चार वाजता मुंबईहून पाहणी आहे, ती आटपू दे." मग राजश्रीकडे वळून तो मऊ आवाजात म्हणाला, "तोवर आम्ही हिला उचलून वर नेतो की. दोन मिनिटांचं काम."

"नाही," राजश्री म्हणाली. "परीक्षेला उचललं, मुलाखतीला उचललं, दाखल्याला उचललं. एकदा तर जिन्यात टेकवून दोघंही चहा प्यायला गेले. मी काय पोतं आहे? देशाने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारावर शिक्कामोर्तब केलं. २०१६ ला कायदा झाला. जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या असं त्यातच लिहिलंय. माझ्या नोकरीचं कामच लोकांना हे सांगायचं आहे, साहेब. मी ते उचलून घेऊन सांगू?"

विनीतने घड्याळाकडे पाहिलं आणि पाहणीची तयारी बघायला वर गेला.

बाई वाकल्या. सहाही पायऱ्यांवरून हात फिरवला. ग्रॅनाइट गुळगुळीत, नवं. मग त्या राजश्रीकडे वळल्या.

"तू कधी गेली होतीस त्या रॅम्पवरून?"

"मागच्या महिन्यात, उद्घाटनाला. फोटोसाठी मलाच बोलावलं होतं. दोन्ही कडांना झेंडूच्या माळा, चार माणसं धरायला."

"रॅम्प आहे तर धरायला माणसं कशाला?"

"चढ केवढा उभा! आणि खुर्ची टक, टक, टक करत वर गेली. दात वाजले माझे. तिसऱ्या टकटकीला चाक अडकलंच."

"धरणारी माणसं कार्यालयातली?"

"छे. मी ओळखत नाही. एकाने तर डोक्यावरची चुंबळ पण काढली नव्हती. साहेब ओरडले, फोटोत चुंबळ नको म्हणून." राजश्री वैतागून पुढे म्हणाली, "आणि चाकाला काय लागलंय बघा. अजून निघत नाही."

बाईंनी केसातला आकडा काढला आणि चाकाच्या कडेचं किटण खरवडलं. काळं, चिकट. त्यात राखाडी रंगाचे पापुद्रे आणि पेंढ्याची एक काडी. त्यांनी ते नाकाशी नेलं.

मग त्यांनी शिपाई सखारामला हाक मारली. तो दाराआडूनच ऐकत होता.

"सखाराम, रॅम्प तू शेवटचा कधी पाहिलास?"

"काल सांजच्याला होता म्हनायचं, बाई."

"म्हणायचं? होता की म्हणायचं?"

सखारामने मान खाली घातली. "मला रिटायर व्हायला थोडंच ऱ्हायलंय, बाई. सायबांना इचारा ना."

"विचारते. आधी शेजारी जाऊन येते."

"शेजारी कुठे, बाई?" राजश्रीने विचारलं. "साडेतीन होऊन गेले!"

"आंब्याच्या वासावर चालल्येय गो. हलू नकोस इथून."

"मी कुठे हलत्येय!" राजश्री म्हणाली आणि एवढ्या संतापातही तिला हसू फुटलं.

आळीच्या टोकाला आंबा व्यापाऱ्याचं आवार होतं. ऐन हंगाम. पेंढ्यात आंबे भरले जात होते, हमाल डोक्यावर पेट्या घेऊन ट्रकात चढत होते. बाई थोडा वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हमालांच्या मुकादमाला गाठलं.

"काय लवू, ओळखलंस का?"

"तुमास्नी नाय वळखणार तर कुणास? कान अजून दुखतोय."

"दुखू दे. मला एक गोष्ट खरी सांग."

चार वाजता पाहणी अधिकारी तेजस्वी बर्वे गाडीतून उतरल्या. विनीत गुच्छ घेऊन पुढे धावला. "मॅडम, एक दुर्दैवी घटना... चोरी..."

"ऐकलं. फोनवर तुम्ही तीनदा सांगितलंत." तेजस्वीबाई राजश्रीकडे वळल्या. "तुम्ही बाहेर का?"

"मी आत जाऊ शकत नाही म्हणून, मॅडम."

तेवढ्यात आळीतून मालनबाई आल्या. मागे लवू आणि तीन हमाल. त्यांच्या खांद्यावर जोडफळ्यांचा एक रुंद पाट होता. राखाडी रंग जागोजाग उडालेला. त्यांनी तो पायऱ्यांसमोर धाडकन टाकला.

"हा घ्या तुमचा लोखंडी रॅम्प," बाई म्हणाल्या.

विनीतचा चेहरा उतरला. "हे... हे काहीतरी भलतंच आहे."

"मग मी सांगते, तू ऐक. बोल्ट मारलेला जड रॅम्प चोरांनी उपटला म्हणतोस. मग ग्रॅनाइटला एक भोक नाही? एक चरा नाही? तिथेच मला कळलं की इथे कधी काही बसवलंच नव्हतं.

"मग काय होतं? हिची खुर्ची टकटकत गेली. चाकाच्या उतारावर आडव्या पट्ट्या कुणी मारत नाही. पट्ट्या पायांसाठी असतात, डोक्यावर ओझं घेऊन चढणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून. धरायला आलेल्याच्या डोक्यावर चुंबळ. म्हणजे हमाल. आणि चाकाला आंब्याचा चीक. चिकावर रंग वाळत नाही रे विनीत, पापुद्रा धरतो. कोकणात राहून एवढं ठाऊक नाही?"

"व्हय," लवू म्हणाला. "फळी आमची हाय. ट्रकात पेट्या चढवायची. सायब बोलले, फोटोपुरती द्या. लोखंडावानी दिसाय रंग बी त्यांनीच फासला. आमीच धराय आलो. आता पाहणीसाठी पुन्ना घेतली हुती, ती परवा आमी मागून न्हेली. हंगाम हाय, आमचा माल काय हवेतनं चढंल?"

"परवा," बाई म्हणाल्या. "आणि चोरी काल रात्री. पाहणी ठरली नसती तर चोरीही झाली नसती."

तेजस्वीबाईंनी खाली वाकून फळी पाहिली. तिसरी पट्टी मधोमध तुटलेली होती. त्यांनी मोबाइल काढला, एक फोटो मोठा केला, मग दुसरा, मग तिसरा.

"आंबर्डेकर, तुमच्याच ताब्यातल्या दापोलीच्या केंद्राचा फोटो तुम्हीच पाठवलात ना? संगमेश्वरचाही? तिन्हीकडे तिसरी पट्टी तुटलेलीच कशी?"

"दापोलीस टेम्पोतनं न्हेली हुती," लवू म्हणाला. "दोन दीस आमी बिनफळीचे."

विनीत खालच्या पायरीवर मटकन बसला. "मॅडम, पायऱ्या मोडायच्या म्हणजे प्रस्ताव, मंजुरी, परत प्रस्ताव. वरून रोज फोन. रॅम्प कधी हवा असं कुणीच विचारलं नाही. फोटो कधी, एवढंच विचारत होते."

"आणि तुमच्या फोटोवर मी 'जिल्हा सुगम' लिहून दिल्लीला पाठवलं," तेजस्वीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजाचा रोख आता विनीतवर नव्हता, स्वतःवरच होता. "देशाचा अहवाल जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांकडे जातो. तिथे लोक तो वाचतात आणि मान डोलावतात."

"मला एक सांगा," मालनबाई म्हणाल्या. छत्रीचं टोक त्यांनी पायरीवर आपटलं. खालून पोकळ आवाज आला. "मी लहान होते तेव्हा इथे जांभ्याचा उतार होता. हातगाड्या वर न्यायला. आम्ही पोरं त्यावरून घसरत खाली यायचो. नूतनीकरण झालं तेव्हा त्याच्यावरच ह्या पायऱ्या चढवल्या, दिसायला बऱ्या म्हणून. मिठाच्या पोत्याला उतार होता हो. माणसाला नाही."

पावणेपाच झाले होते.

विनीत चटकन उठला. "फळी आलीच आहे! लावा रे, धरा खुर्ची. हजर तरी होऊ दे पोरीला."

हमाल पुढे सरले.

"थांबा," राजश्री म्हणाली. "ह्या फळीवरून मी एकदा खोट्यासाठी गेले. पुन्हा जाणार नाही. लवूदादा, तुमची फळी तुम्ही न्या, ट्रक खोळंबला असेल." तिने वर पाटीकडे पाहिलं. "मॅडम, नेमणुकीच्या आदेशात 'केंद्राच्या आवारात हजर' असं आहे. वर असं नाही. हे आवारच आहे. माझं टेबल खाली आणा."

"खाली? उन्हात?" विनीत म्हणाला.

"माझ्याकडे येणारे सगळे इथेच थांबतात, साहेब. ऊन त्यांनाही लागतं."

तेजस्वीबाईंनी क्षणभर विचार केला. "आणा टेबल. वर पत्रा उद्याच्या उद्या. आधीचा अहवाल मी मागे घेत्येय, तिन्ही केंद्रांचा. तुमची चौकशी होईल आंबर्डेकर, आणि माझीही होऊ दे."

टेबल एका बाजूने सखारामने धरलं. दुसरी बाजू धरायला विनीतशिवाय कुणी नव्हतं. मग विनीत पाटी आणायला गेला, मग हजेरीपट आणायला, मग विसरलेलं पेन आणायला. पाचला थोडा अवकाश असताना राजश्रीने सही केली.

ती सही होईपर्यंत विनीतचा शर्ट पाठीला चिकटला होता. टेबलाला धरून तो धापा टाकत होता.

"प्रत्येक कागदाला असं खाली-वर करायचं? कधीपर्यंत?"

राजश्रीने पेनाचं टोपण लावलं.

"उतार होईपर्यंत," ती म्हणाली.